डावीकडे सरकलेल्या खुर्च्या

माझा धंदा केस कापायचा. म्हणजे अर्धं काम हातांचं आणि अर्धं तोंडाचं. खुर्चीवर बसलेल्या माणसाशी गप्पा मारल्या नाहीत तर तो पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाऊन बसतो. त्यामुळे सकाळपासून मी कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन, रस्त्यावरचे खड्डे, परदेशातली भांडणं अशा झाडून सगळ्या विषयांवर बोलतो. त्यातल्या निम्म्या विषयांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण गिऱ्हाइकालाही कळत नसतं, त्यामुळे जमून जातं. संध्याकाळी दुकान बंद करताना जबडा दुखत असतो. घरी गेलं की बायको म्हणते, "जगाशी बडबडता आणि घरात मात्र तोंडाला कुलूप." तिचंही बरोबर आहे.

दुकान आणि घर यांच्या मधे शूकाकांचा बार आहे, म्हणून माझं बरं चाललंय.

बार म्हटल्यावर काहीतरी भलतं डोळ्यांसमोर आणू नका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी एक लाँड्री होती, तो गाळा. लांबट खोली. पुढच्या भिंतीला दोन स्पीकर, पहिलीतल्या पोराच्या उंचीचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांच्याकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या, एकीचा आकार दुसरीला मिळेल तर शपथ. मागच्या भिंतीला काउंटर. काउंटरच्या टोकाला काकू, बाटल्या आणि बर्फ. मधोमध उंच स्टुलावर शूकाका, आणि त्यांच्यापुढे रेकॉर्ड प्लेअर. भिंतींवर वरपासून खालपर्यंत रेकॉर्डच. इथे लोक पितात, पण पिण्यासाठी येत नाहीत. ऐकायला येतात.

नियम एकच. रेकॉर्डची एक बाजू लागली की ती संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. काय हवं ते आधी मागून घ्यायचं, खोकला असेल तर बाहेर जाऊन खोकून यायचं. वीसेक मिनिटांनी बाजू संपली, सुई उचलली, की मग शाळेची मधली सुट्टी झाल्यासारखा सगळा बार एकदम बोलायला लागतो. खारे दाणे मिळतात, पण वाजवायचे नाहीत. जुनी मंडळी दाणा तोंडात धरून मऊ होईपर्यंत थांबतात. नवीन माणूस कुडुम करून चावतो आणि मागून आवाज येतो, "शू!"

त्यावरूनच नाव पडलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही सवयीप्रमाणे शेजारच्याला विचारायला सुरुवात केली, काय कुठे राहता, काय करता. मागून 'शू' आलं. वळून पाहिलं तर एक टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर चढवलेला गृहस्थ ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघून हसत होता. आयुष्यात मला पुष्कळांनी गप्प केलंय, पण इतक्या प्रेमाने कुणी केलं नव्हतं. मी गप्प बसलो. एक बाई गात होती, तिच्यामागे पियानो. तिची भाषा मला येत नव्हती, तरी बाजू संपली तेव्हा माझा जबडा दुखायचा थांबला होता. तेव्हापासून मी तिथलाच.

शूकाका छापखान्यात होते. तीसेक वर्षं त्यांनी एकाच मशीनवर काढली. ते मशीन सुरू झालं की शेजारच्या माणसाला काही सांगायचं तर खुणेने सांगावं लागे. पहिला पगार झाला त्या दिवशी त्यांनी एक रेकॉर्ड विकत घेतली. प्लेअर नव्हता. कुणी विचारलं की प्लेअर नसताना रेकॉर्ड कशाला, तर म्हणायचे, सुरुवात कुठून तरी करायची ना. मग ती रेकॉर्ड पिशवीत घालून ज्यांच्याकडे प्लेअर आहे अशा ओळखीच्यांकडे जायचे आणि म्हणायचे, सहज आलो होतो.

असेच ते काकूंच्या वडिलांकडे सहज आले. पुढच्या रविवारी पुन्हा सहज आले. काकू सांगतात, "मी म्हटलं, दर वेळी ही पिशवी घेऊन कशाला फिरता, रेकॉर्ड इथेच ठेवून जा की. तर म्हणतात कसे, मग मी कशाला येऊ?" हे सांगताना काकू बर्फ फोडत असतात आणि फटका जरा जोरातच बसतो. वडिलांच्या मग लक्षात आलं म्हणे, की पाहुण्यांचं काम प्लेअरकडे नाही.

छापखाना सोडल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी हा गाळा घेतला. मुलगी तेव्हा म्हणाली होती, बाबा, दुकान घाला, स्टेशनरीचं घाला. शूकाकांनी ऐकलं नाही. काकूंना विचारलं तर म्हणतात, "मला म्हणाले, तीस वर्षं खडखडाट ऐकला, आता मला हवं ते ऐकू दे. आता याला काय नाही म्हणायचं?"

शूकाकांना गर्व कसलाच नाही, एका गोष्टीचा सोडून. आपल्या कानाचा. सुई झिजायला लागली की म्हणे त्यांना आधी कळतं. रेकॉर्ड कुणी अंगठा लावून धरली होती हेही त्यांना ऐकून कळतं. खरं असेल किंवा नसेल, पण त्या दोन स्पीकरांचा आवाज ते रोज संध्याकाळी स्वतः जुळवतात. एक गोल बटण आहे, ते डावीकडे फिरवलं की डावा स्पीकर मोठा, उजवीकडे फिरवलं की उजवा. डोळे मिटून, स्टुलावर ताठ बसून, ते बटण केसभर इकडे, केसभर तिकडे करतात. त्या बटणाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. काकूंनीसुद्धा फडक्याने पुसताना तेवढं टाळायचं.

आता शिंप्याचं सांगायला हवं. शेजारच्या गाळ्यात शिंपी होता. नजर अधू झाली, दोरा सुईत जाईना, तेव्हा एका आठवड्यात त्याने मशीन विकून टाकलं. त्या संध्याकाळी तो बारमधे आला आणि शूकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "शहाणा माणूस. वाकडी शिवण घालून नाव घालवण्यापेक्षा हे बरं. माझंही तसंच ठरलंय. ज्या दिवशी कान गेला, त्या दिवशी शटर खाली. लोकांना वाकडं ऐकवून पैसे घेणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा कान जाण्याची गोष्ट कुणाच्या मनात येणार? शिंपी मात्र तेव्हापासून रोज येतो. सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या नंतर जातो, कारण बाकी दिवसाचं काय करायचं हे त्याला ठाऊक नाही.

मग एकदा एक जोडपं आलं. नवीन होतं. पोरगी उत्साहाने काकूंना विचारते, "इथे नाच पण असतो का हो?"

काकू म्हणाल्या, "नाही बाई. का गं?"

"नाही, ती एवढी जागा मोकळी सोडलीय ना."

बाजू अजून लागायची होती, त्यामुळे मी वळून पाहिलं. आणि पाहतच राहिलो. पोरगी खोटं बोलत नव्हती. एकूण एक खुर्ची डाव्या भिंतीकडे जमली होती. शिंप्याची तर भिंतीला टेकलेली. उजवीकडे निम्मी खोली रिकामी, चार जोडपी सहज नाचली असती. माझी स्वतःची खुर्ची पूर्वी मधोमध असायची, ती मी कधी हलवली? कुणी हलवली? कुणालाच सांगता येईना. जो तो बसताना जरा चांगलं ऐकू येईल अशी बोटभर सरकवत आला होता, आज बोटभर, पुढच्या महिन्यात बोटभर. उजवा स्पीकर मोठा वाजत होता, वर्षभरात आणखी मोठा होत गेला होता, आणि आम्ही मेंढरं त्याच्यापासून लांब, लांब जात भिंतीला लागलो होतो.

त्या आठवड्यात शूकाका माझ्याकडे केस कापायला आले. केस म्हणजे काय, कानांच्या वर थोडीशी झालर राहिलीय, पण ती ते नेमाने कापून घेतात. डावीकडे उभं राहून विचारलं, कल्ले एवढे ठेवू? म्हणाले, ठेव. उजवीकडे जाऊन तेच विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. शूकाका आरशात आपल्याच टकलाकडे प्रसन्नपणे बघत बसलेले. छापखान्यातलं ते मशीन त्यांच्या कुठल्या हाताला होतं हे मला विचारावंसं वाटलं, पण मी विचारलं नाही. कात्री चालवत राहिलो, आणि धंद्यात पडल्यापासून पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाचे केस अवाक्षर न बोलता कापले.

बारच्या बाहेर, रेकॉर्ड बदलण्याच्या वेळात, आमची सभा भरली. मी, शिंपी, आणि दिवसपाळी संपवून येणारी सरकारी दवाखान्यातली सिस्टर. सिस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असंच होतं. हळूहळू जातो कान. ज्याचा जातो त्यालाच कळत नाही. त्यांना उजवीकडचं कमी येतंय, म्हणून ते बटण उजवीकडे फिरवत असणार. त्यांच्या हिशेबाने बरोबरच आहे."

"मग सांगायला पाहिजे," शिंपी म्हणाला.

"सांगा की."

"मी कशाला? तुम्ही दवाखान्यातल्या."

"माझं काम सुई टोचायचं. यांना तर रोज गप्पा मारता येतात," सिस्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

मी म्हटलं, "सांगितलं तर शटर खाली येईल. सगळ्यांसमोर बोलून बसलेत ते."

शूकाका शब्दाचे पक्के. बार बंद झाला तर मी कुठे जाणार, असं माझ्या मनात आधी आलं, हे कबूल करतो. पण त्याच्या पाठोपाठ शूकाका दिवसभर काय करणार हेही आलं, आणि त्याचं उत्तर माझ्या शेजारीच उभं होतं, हातात रिकामा ग्लास घेऊन. आम्ही ठरवलं, कुणी काही बोलायचं नाही. खुर्च्या आहेत तिथे आहेत. वाकडं तर वाकडं.

ते सोपं नव्हतं. नवीन गिऱ्हाईक आलं की आम्हाला पळापळ. कुणी उजवीकडे खुर्ची ओढायला लागला की शिंपी म्हणायचा, तिथे छत गळतं. छत ठणठणीत होतं. एकदा एक शहाणा उठून सरळ शूकाकांकडे निघाला होता, "साहेब, तुमचा तो उजवा..." असं म्हणत. सिस्टरने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. तिने किती पेशंट असे धरले असतील देव जाणे, तो पुन्हा उठला नाही. काकू हे सगळं काउंटरमागून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यांना यातलं काही माहीत नाही, अशी आमची पक्की समजूत होती.

आणि मग जावई आला.

मुलगी आणि जावई चार दिवस राहायला आले होते. जावई गुणी. फार गुणी. दवाखान्यांतली मोठमोठी यंत्रं दुरुस्त करतो, त्याला हात रिकामा ठेवता येत नाही. सासऱ्यांना काहीतरी चांगलं करून दाखवावं म्हणून दुपारी शूकाका डुलकी काढत असताना त्याने बारमधली सगळी यंत्रं उघडली, आतली धूळ काढली, तारा नव्याने जोडल्या, आणि जाता जाता ते गोल बटण मधोमध आणून ठेवलं. यंत्र बघणाऱ्या माणसाला ते उजवीकडे इतकं फिरलेलं दिसलं, त्याला वाटलं चुकून धक्का लागला असेल.

संध्याकाळी त्याने मोठ्या आनंदाने जाहीर केलं, "बाबा, आज बटण जुळवू नका. सगळं नव्यासारखं केलंय. फक्त ऐका."

लेकीसमोर जावयाला नाही कसं म्हणायचं? शूकाकांनी रेकॉर्ड लावली, सुई ठेवली, डोळे मिटले.

आम्ही डाव्या भिंतीला. डावा स्पीकर आमच्या कानाशी, आणि आज तो गुरगुरून उठला. शिंप्याच्या ग्लासातली बियर थरथरली. पहिली दोन मिनिटं सगळे दात आवळून बसलो. मग शिंप्याने हळूच, बसल्या बसल्या, खुर्ची उजवीकडे सरकवली. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि आम्हीही सरकलो. मागचे सरकले. एकदा सुरू झाल्यावर कुणाला थांबवता येईना. फरशीवर पाय घासल्याचे आवाज, कुर्र, कुर्र. त्या खोलीत दाणा चावायला बंदी होती, आणि आता एकामागून एक खुर्च्या मधे येत होत्या.

शूकाकांनी डोळे उघडले.

त्यांना काय ऐकू येत होतं ते मी नंतर सिस्टरकडून समजून घेतलं. उजवीकडचं बरंचसं गेलेलं. त्यांच्यासाठी आजची रेकॉर्ड एका अंगावर लवंडली होती. आणि समोर बघतात तो सगळे लोक नेमके त्या बिनआवाजाच्या बाजूकडे सरकतायत, आणि मधोमध जाऊन सुखाने थांबतायत. शूकाकांनी आधी जावयाकडे पाहिलं. जावयाचा चेहरा आनंदाने फुललेला. मग त्यांनी बटणाकडे पाहिलं. मग स्वतःचा हात उजव्या कानावर ठेवला, पूर्ण झाकला, काढला, पुन्हा झाकला. काही फरक पडत नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला मान फिरवावीशी वाटली. फिरवता आली नाही.

बाजू संपायला अजून पुष्कळ वेळ होता. त्यांनी सुई उचलली नाही. नियम तो नियम. तेवढा सगळा वेळ ते बटणाकडे बघत बसले आणि आम्ही आपापल्या बुटांकडे. इतकं वाईट मला कुठल्याही रेकॉर्डने वाटलेलं नाही, आणि ती रेकॉर्ड तर नाचाची होती.

संपली. सुई उचलली गेली. मधली सुट्टी झालीच नाही.

"किती दिवस?" शूकाकांनी विचारलं.

"वर्ष झालं असेल," मी म्हटलं.

"सगळ्यांना माहीत होतं?"

जावई गोंधळून म्हणाला, "बाबा, काही चुकलं का माझं?" मुलीने त्याचा हात दाबला.

"तुझं काही चुकलं नाही रे. तू एकट्यानेच सरळ काम केलंस." शूकाका स्टुलावरून उतरले. "मी लोकांना वर्षभर वाकडं ऐकवलं. पैसे घेऊन. ठरल्याप्रमाणे उद्यापासून शटर खाली."

"मला शहाणा म्हणालात तुम्ही त्या दिवशी," शिंपी एकदम बोलला. तो बोलतो कमी, त्यामुळे सगळ्यांनी पाहिलं. "मी कसला शहाणा. जाडा दोरा ओवून मी पिशव्या शिवू शकलो असतो. उशीचे अभ्रे शिवले असते. रोज सकाळी उठलो की हात शिवशिवतात आणि मशीन नाही. तुम्ही हे करू नका."

शूकाका त्याच्याकडे वळले. मग एकदम भडकले. मी त्यांना कधी भडकलेलं पाहिलं नव्हतं. "अरे पण सांगायचं ना! इतकी माणसं इथे रोज बसता. मी तुम्हाला आपलं मानतो. एकाही माणसाने येऊन मला सांगू नये, की बाबा रे, तुझा कान गेलाय? एकानेही?"

"मी सांगितलं होतं," काकू म्हणाल्या.

सगळ्या माना तिकडे वळल्या. काकू ग्लास पुसत होत्या.

"तू? तुला माहीत होतं?"

"तुमच्या आधीपासून. छापखान्यात होतात तेव्हापासून."

"आणि सांगितलंस? कधी?"

"पुष्कळदा. झोपताना. तुम्ही आडवे झालात की मी सांगायची, अहो, तुमचा उजवा कान गेलाय, डॉक्टरला दाखवू या."

"मग मला कसं आठवत नाही?"

काकूंनी ग्लास खाली ठेवला.

"मी तुमच्या उजव्या बाजूला झोपते."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सिस्टरच्या तोंडून फुस्स असा आवाज निघाला. शूकाका काकूंकडे बघत होते. त्यांचा खालचा ओठ हलायला लागला आणि मला वाटलं आता हे रडणार. पण ते हसायला लागले. आधी बिनआवाजाचं, मग खांदे हलवून, मग काउंटर धरून. चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांच्यामागून सगळा बार हसायला लागला, जावई तर सगळ्यात मोठ्याने, त्या बिचाऱ्याला अजूनही नीट काही कळलं नव्हतं.

काकू हसत नव्हत्या. "डाव्या बाजूने सांगायचा धीर होत नव्हता," त्या म्हणाल्या. "तुम्ही शटर खाली ओढलं असतंत आणि मग माझ्यासमोर बसून भिंतीकडे बघत राहिला असतात. मला ते बघवलं नसतं. पण नवऱ्यापासून लपवलं असंही मला नको होतं. म्हणून सांगत होते."

हसणं थांबलं. शूकाकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. बटणाला हात लावला, पण फिरवलं नाही, मधेच राहू दिलं.

तेव्हा काकू हात पुसत काउंटरच्या टोकाकडून निघाल्या, त्यांच्या पाठीमागून वळसा घालून पलीकडे, डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलल्या. चांगला बराच वेळ बोलल्या. आम्ही कान टवकारले, पण एक शब्द आमच्यापर्यंत आला नाही. शूकाकांपर्यंत पोचला असावा, कारण त्यांनी मान हलवली, स्टुलावर चढून बसले आणि रेकॉर्ड उलटी केली.